ऑस्कर बार्नाक

ऑस्कर बार्नाक (१ नोव्हेंबर, १८७९ – १६ जानेवारी, १९३६) हे जर्मन यंत्ररचनाकार व छायाचित्रकार होते. चित्रपटासाठी बनवलेली ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरणारा, सहज बाळगता येणारा लायका हा कॅमेरा त्यांनी घडवला. रस्त्यावरील व दैनंदिन जीवनाच्या छायाचित्रणाला या कॅमेऱ्यामुळे मोठी चालना मिळाली.

सुरुवातीचे जीवन

बार्नाक यांचा जन्म जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतातील लीनोव या गावी झाला. बर्लिन परिसरात सूक्ष्म यंत्रे बनवण्याचे शिक्षण घेतल्यानंतर १९०२ साली ते येना येथील कार्ल झाइस कंपनीत रुजू झाले. फावल्या वेळात निसर्गाची छायाचित्रे काढण्याचा त्यांना छंद होता. त्या काळातील कॅमेरे काचेच्या पट्ट्यांवर चित्र घेत. असा कॅमेरा, त्याची तिकाटणी आणि काचपट्ट्यांची पेटी हा सारा भार डोंगरवाटांवरून वाहावा लागे. बार्नाक यांना दम्याचा विकार असल्याने हे ओझे त्यांना झेपत नसे. चित्र लहान आकारात टिपावे व नंतर ते मोठे करून छापावे, या विचाराकडे ते यातूनच वळले.

पहिला नमुना

सहकारी एमिल मेखाउ यांच्या शिफारशीवरून १९११ साली बार्नाक वेट्सलार येथील एर्न्स्ट लाइट्स या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपनीत आले. तेथे १९१३-१४च्या सुमारास त्यांनी लहान कॅमेऱ्याचा पहिला नमुना तयार केला. तो पुढे 'उर-लायका', म्हणजे मूळ लायका, या नावाने ओळखला गेला.

चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी सरकते व प्रत्येक चौकट १८ × २४ मिलिमीटरची असते. बार्नाक यांनी फिल्म आडवी फिरवली आणि दोन चौकटींएवढी जागा एका चित्राला दिली. त्यामुळे २४ × ३६ मिलिमीटर हे माप मिळाले. फिल्म पुढे सरकवताना शटरही त्याच क्रियेत सज्ज होत असे. त्यामुळे एकाच जागेवर चुकून दोनदा चित्र उमटण्याचा धोका टळला.

ऑगस्ट १९१४मध्ये वेट्सलार येथे सैन्यभरतीच्या आदेशाचा फलक लावला गेला, तो प्रसंग बार्नाक यांनी या कॅमेऱ्याने टिपला. १९२० साली त्याच शहरात आलेल्या पुराचीही त्यांनी छायाचित्रे काढली.

उत्पादनाचा निर्णय

पहिल्या महायुद्धामुळे हे काम रखडले. १९२३ साली चाचणीसाठी थोडे कॅमेरे बनवण्यात आले. त्यांत फिल्म सरकवताना भिंगावर टोपण ठेवावे लागे. नाहीतर फिल्मवर प्रकाश पडत असे. ही उणीव पुढे दूर करण्यात आली. इतक्या लहान चित्रातून मोठी व स्पष्ट प्रत मिळेल का, याविषयी मात्र अनेकांना शंका होती. हे यश भिंगाच्या गुणवत्तेवर अवलंबून होते. माक्स बेरेक यांनी ५० मिलिमीटरचे भिंग रचून ती गरज पुरी केली.

चलनवाढीने पोळलेल्या जर्मनीत नव्या उद्योगात पैसा गुंतवणे धोक्याचे होते. तरीही कंपनीचे प्रमुख एर्न्स्ट लाइट्स (दुसरे) यांनी १९२४ साली उत्पादनाचा निर्णय घेतला. १९२५च्या वसंत ऋतूत लाइपझिगच्या व्यापारमेळ्यात हा कॅमेरा लोकांसमोर आला. लाइट्स व कॅमेरा या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'लायका' हे नाव मिळाले. त्याच्या शटरचा वेग सेकंदाच्या ५००व्या भागापर्यंत होता. १९३० साली बदलता येणारी भिंगे आणि १९३२ साली अंतरमापकाला जोडलेली केंद्रीकरणाची सोय आली.

प्रभाव

तिकाटणीची गरज न उरल्याने छायाचित्रकार गर्दीत सहज मिसळू लागला. आंद्रे केर्तेस व आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांसारख्यांनी हा कॅमेरा आपलासा केला. कार्तिये-ब्रेसाँ यांनी १९४८ साली दिल्लीत महात्मा गांधींच्या अखेरच्या दिवसांची व अंत्ययात्रेची छायाचित्रे घेतली. २४ × ३६ मिलिमीटर हे माप पुढे जगभर रूढ झाले. आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांतही 'फुल फ्रेम' म्हणतात ते हेच माप.

मृत्यू व स्मृती

बार्नाक यांचे वयाच्या ५६व्या वर्षी बाड नाउहाइम येथे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७९ साली त्यांच्या नावाने छायाचित्रण पुरस्कार सुरू करण्यात आला. त्यांनी स्वतः वापरलेला १९२३च्या चाचणी मालिकेतील १०५ क्रमांकाचा कॅमेरा २०२२ साली लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना विकला गेला.