समर्थ रामदास आणि ८२० पासवर्ड

मी जालना जिल्ह्यातलाच. एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरसाठी पासवर्डची ताकद तपासणारा कोड लिहिला होता. नियम नेहमीचेच: किमान ८ अक्षरं, एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह. टेस्टिंगला एकाने इंग्रजीत रामदास, मग ॲटचं चिन्ह, मग १६०८ टाकलं. माझ्या कोडने हिरवी पट्टी दाखवली: मजबूत! आमच्याकडचं शाळकरी पोरगंही हा पासवर्ड ओळखेल.

१६०८ हे समर्थांचं जन्मसाल. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं गाव, रामनवमीचा जन्म, मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. बाराव्या वर्षी मंगलाष्टकांतलं सावधान ऐकून ते मांडवातून पळाले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मग नाशिकजवळ टाकळीला १२ वर्षं तप, पुढची १२ वर्षं भारतभर फिरस्ती. त्यानंतर कृष्णाकाठी आले, १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभं केलं, शिवथरघळीत दासबोध सांगितला. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला सज्जनगडावर देह ठेवला.

त्यांची एक कथा मात्र थेट आमच्या धंद्यातली आहे. अफजलखान निघाला तेव्हा समर्थांनी शिवाजी महाराजांना पत्र धाडलं म्हणतात. वरून साधा उपदेश, पण ओळींची पहिली अक्षरं जोडली की विजापूरचा सरदार निघाल्याची खबर. (पत्राच्या खरेपणाबद्दल वाद आहेत.) खरं धरलं तरी ते गुपित टिकणार एकाच गोष्टीवर: मधल्या माणसाला युक्ती माहीत नसणं.

आज हीच युक्ती पासवर्डसाठी सांगतात. आवडती ओळ घ्या, शब्दांची आद्याक्षरं जोडा. दिसायला एकदम भारी! पण ओळ मनाच्या श्लोकांतली असेल तर? श्लोक २०५, प्रत्येकी ४ चरण, म्हणजे पर्याय फक्त ८२०. बॅगेच्या ३ आकडी कुलुपातसुद्धा १००० असतात. कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत संपवेल.

माझा कोड अक्षरांचे प्रकार मोजत होता, हल्लेखोर मात्र अंदाज बांधतो. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनेही २०१७ च्या सूचनांत कॅपिटल-चिन्हाची सक्ती नको म्हटलं. लांबी बघा आणि फुटलेल्या किंवा सहज सुचणाऱ्या पासवर्डांच्या यादीशी ताडून पाहा, असा सल्ला दिला. मग मी यादी लावली. त्यात जांब, जालना, रामदास, पतसंस्थेचं नाव आणि ती ८२० आद्याक्षरंही घातली.

लाल पट्टी आल्यावर त्याच माणसाने रामदासचं शिवाजी केलं आणि १६०८ चं १६३०. तेही यादीत टाकावं लागलं.