तेरा महिने उशिराचं स्वातंत्र्य आणि एक संन्यासी

मैत्रिणींनो, साऱ्या देशाचा झेंडा पंधरा ऑगस्टला लागतो. आपल्या मराठवाड्यात मात्र १७ सप्टेंबरला तो पुन्हा लागतो. हा दुसरा झेंडा कशाचा, असं मी बचत गटाच्या बायकांना अधूनमधून विचारते. म्हाताऱ्या बायांना रझाकारांची पळापळ आठवते, नव्या सुनांना तेवढंही ठाऊक नसतं. नांदेडच्या विद्यापीठाची पदवी घरात असते, पण ज्यांचं नाव त्या विद्यापीठाला आहे ते स्वामी रामानंद तीर्थ कोण, हे सांगता येत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, आजच्या कर्नाटकातला. शिक्षण सोलापूर, अमळनेर, पुणे असं झालं. १९२० मध्ये लोकमान्य टिळक गेले, तेव्हा या कोवळ्या पोराने आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करायची शपथ घेतली. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत मास्तरकी केली. त्यांनी संन्यास घेतला. पण भगवी वस्त्रं घालून ते हिमालयात गेले नाहीत, लोकांत राहिले.

तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी दीड कोटीहून जास्त माणसं त्या राज्यात होती. सभा घ्यायची तरी परवानगी लागे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस जन्माला येण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. बंदी उठायला १९४६ साल उजाडलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आपल्या बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. त्या रस्त्याने आपण किती वेळा जातो!

आता जरा जगाकडे बघा. दुसऱ्या महायुद्धानंतर गोऱ्यांची राज्यं एकेक करून सुटत होती. भारत, ब्रह्मदेश, सिलोन मोकळे झाले, इंडोनेशिया डचांशी झगडत होता. इंग्रज जाताना संस्थानांवरचा आपला अंमल सोडून गेले. निजामाला वाटलं, आपण स्वतंत्रच राहू. स्वामीजींचं म्हणणं सरळ होतं : राजा गोरा असो की आपला, राज्य लोकांचं पाहिजे. त्यांच्या हाकेवर ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील व्हा दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला देश आनंदात होता आणि हैदराबादेत तिरंगा फडकवणाऱ्या स्वामीजींना अटक झाली. मधले थोडे दिवस सोडले तर शेवटपर्यंत ते तुरुंगातच होते.

बाहेर रझाकारांनी धुमाकूळ घातला. कितीतरी घरं रातोरात सरहद्दीपलीकडे गेली. बायकाही मागे नव्हत्या. बदनापूरकडच्या दगडाबाई शेळके तर पुरुषी वेशात लढ्यात उतरल्या.

आपला हा प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांत पोचला होता, हे किती जणींना माहीत आहे? २१ ऑगस्ट १९४८ ला निजाम सरकारने भारताविरुद्ध तिथे तक्रार केली. त्या वेळी बर्लिनच्या कोंडीवरून अमेरिका आणि रशिया एकमेकांसमोर उभे ठाकले होते. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १६ तारखेला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद बसली. तक्रार चर्चेला घ्यावी म्हणून आठ मतं पडली. रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. पण चर्चा रंगायच्या आधीच, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. बड्या देशांची वाट न बघता आपला निकाल इथेच लागला. स्वामीजी सुटले.

पण एक गोष्ट आपण बोलायचं टाळतो. त्यानंतरच्या दिवसांत सूडाचं वारं सुटलं आणि कितीतरी निरपराध मुसलमान कुटुंबं मारली गेली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वांत वाईट म्हणून जे जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर आपलं नांदेडही होतं. स्वामीजींची लढाई राजेशाहीशी होती, कोणत्या धर्माशी नव्हती. दोन्हीकडच्या बायकांनी कुंकू आणि लेकरं गमावली, हे आपण मुलांना सांगायला हवं.

सत्तेचा मोह त्यांना झाला नाही. १९५२ आणि १९५७ मध्ये ते लोकसभेत गेले, मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. हैदराबाद राज्याची भाषेनुसार वाटणी व्हावी, जमीन कसणाऱ्याच्या हाती यावी, यासाठी ते झटले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. २२ जानेवारी १९७२ ला स्वामीजी गेले. त्यांचे शिष्य पी. व्ही. नरसिंह राव १९९१ मध्ये पंतप्रधान झाले आणि त्यांनी देशाची दारं जगाच्या बाजाराला उघडली. आज आपल्या कापसाचा भाव परदेशी बाजारावर हलतो, तो त्याच वाटेने.

राज्य लोकांचं झालं. जमीन कसणाऱ्याची व्हावी, हे त्यांचं मागणं मात्र पुरं झालेलं नाही. खुरपणी, वेचणी करणारे हात बाईचे आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं? येत्या १७ सप्टेंबरला झेंड्याला जाल, तेव्हा पोरीला बरोबर न्या. येताना वाटेत तलाठी कार्यालय लागलंच, तर आपला सातबाराही बघून या.