स्वामी कुवलयानंद : योगाला प्रयोगशाळेत नेणारे आचार्य

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी अनेक जण नोकरी किंवा घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. सायंकाळी स्वारगेटच्या बसस्थानकावर गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला शरीराचा शीण आणि मनाची ओढाताण या दोन निराळ्या गोष्टी वाटत नाहीत. एकीने दुसरी वाढते, हे तो स्वानुभवाने जाणतो. शरीर व मन यांचा हा संबंध योगपरंपरेने फार पूर्वीपासून मानला आहे. तथापि तो नुसता मानून चालणार नाही, तपासून पाहिला पाहिजे, असा आग्रह धरणारे एक आचार्य विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात होऊन गेले. त्यांचे कार्यक्षेत्र पुण्याहून मुंबईकडे जाताना घाटमाथ्यावर लागणारे लोणावळा हे होते. त्यांचे नाव स्वामी कुवलयानंद.

जडणघडण

कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातमधील डभोई येथे एका सामान्य स्थितीतील मराठी कुटुंबात झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे बडोद्यास शिकत असताना राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात त्यांनी देशी व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. संस्कृतचे अध्ययन आणि आखाड्यातील मेहनत हे त्यांच्या घडणीचे दोन आधार होते. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा त्या पिढीवर असलेला प्रभाव त्यांच्यावरही पडला आणि त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहून लोकसेवा करण्याचा निश्चय केला.

खानदेशातील अमळनेर येथे त्यांनी अध्यापन केले. १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीमुळे या संस्थेवर सरकारची वक्रदृष्टी होती व अखेरीस सरकारने ते महाविद्यालय बंद केले. शिक्षणातून समाज उभा करू पाहणाऱ्या गुणे यांच्या दृष्टीने हा मोठा आघात होता.

अनुभव आणि पुरावा

याच काळात, १९१९ साली, नर्मदाकाठच्या मालसर येथे राहणाऱ्या परमहंस माधवदास या बंगाली योग्यांचा सहवास त्यांना लाभला. त्यांच्याकडून त्यांनी योगाची दीक्षा घेतली. साधनेचे परिणाम त्यांना स्वतःच्या शरीरात व मनात जाणवू लागले. येथे त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. आपला अनुभव आपल्यापुरता खरा असला, तरी तो दुसऱ्याला पटवायचा कसा? श्रद्धावंताला पुरावा नको असतो आणि संशयी माणसाला केवळ शब्द पुरत नाहीत. कुवलयानंदांनी या दोहोंमधून वाट काढली. त्यांनी साधना सोडली नाही आणि संशयही दडपला नाही.

बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहणी सुरू केली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना मोजमापातून आढळले. बस्तिक्रियेत योगी पाणी आत ओढून घेतात, ही गोष्ट लोकांना चमत्कार वाटत असे. दाबातील या फरकामुळे तिचे सरळ भौतिक स्पष्टीकरण मिळाले. या अंशतः निर्वात स्थितीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. चमत्काराचे वलय गळून पडले, पण गुरूविषयीचा आदर उणावला नाही.

कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’

१९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रम स्थापन केला. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. भाषेच्या विद्यार्थ्यांनी या दोन्ही नावांकडे लक्ष द्यावे. ‘कैवल्य’ ही संज्ञा पातंजल योगसूत्रांत साधनेचे अंतिम उद्दिष्ट सांगते; ‘मीमांसा’ म्हणजे साधकबाधक विचारपूर्वक केलेली चिकित्सा. एका नावात ध्येय आहे, तर दुसऱ्यात पद्धती. या त्रैमासिकात शास्त्रीय, अर्धशास्त्रीय व सुबोध असे विभाग केलेले होते. म्हणजे एकच विषय तज्ज्ञाला व सामान्य वाचकाला निरनिराळ्या भाषेत सांगण्याचा तो जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होता.

त्यांच्या बौद्धिक प्रामाणिकपणाची खरी कसोटी प्राणायामाच्या संशोधनात लागली. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो व हाच त्याचा लाभ, अशी समजूत रूढ होती. प्रयोगांतून तिला दुजोरा मिळाला नाही. योगाची महती सांगण्यासाठी ही समजूत सोयीची होती. तरीही कुवलयानंदांनी ती बाजूला सारली आणि आपला निष्कर्ष उघडपणे मांडला. प्राणायामाचे मूल्य त्या थोड्या मिनिटांत मिळणाऱ्या प्राणवायूत नसून, त्यामुळे श्वसनसंस्थेला व मज्जासंस्थेला लागणाऱ्या वळणात आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. आसनांविषयीही त्यांची भूमिका अशीच होती. आसन हा स्नायू दमविणारा व्यायाम नव्हे. पाठीचा कणा, मज्जातंतू व अंतःस्रावी ग्रंथी यांचे कार्य सुरळीत राखून मनाच्या स्थैर्याला अनुकूल अशी शरीरस्थिती निर्माण करणे, हे त्याचे प्रयोजन होय.

कार्याचा विस्तार

१९२७ साली प्रकृती बिघडली असताना महात्मा गांधींनी आसनांविषयी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. येल विद्यापीठातील संशोधक के. टी. बेहनन यांनी लोणावळ्यास राहून योगाचा अभ्यास केला व १९३७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दरम्यान मुंबईत मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. शाळांतील मुलांना समूहाने करता येतील अशा योगिक व्यायामांची त्यांनी रचना केली. पुढे लोणावळ्यास योगाचे महाविद्यालयही सुरू झाले. अमळनेरचे महाविद्यालय गमावलेल्या प्राचार्यांनी अशा रीतीने शिक्षणाचेच कार्य वेगळ्या क्षेत्रात पूर्ण केले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

आजच्या निकषांवर पाहता त्यांचे प्रयोग मोजक्याच व्यक्तींवर झालेले होते आणि उपकरणेही साधी होती. त्यामुळे त्यांचा प्रत्येक निष्कर्ष अंतिम मानण्याचे कारण नाही. तसे मानणे त्यांच्या वृत्तीलाही धरून होणार नाही. परंपरेविषयी आदर आणि तिच्याविषयी प्रश्न विचारण्याचे धैर्य यांचा त्यांनी जो तोल साधला, तो त्यांच्या चरित्राचा गाभा आहे. शरीर व मन यांच्या समतोलाचा अभ्यास करणाऱ्या या आचार्यांनी श्रद्धा व बुद्धी यांचाही समतोल आयुष्यभर जपला.

स्वाध्याय

१. ‘कैवल्यधाम’ व ‘योगमीमांसा’ या नावांतून कुवलयानंदांची कोणती दृष्टी व्यक्त होते?
२. प्राणायामविषयक संशोधनाचे महत्त्व आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. आपल्या घरात किंवा परिसरात केवळ परंपरेने मानली जाणारी एखादी आरोग्यविषयक समजूत निवडा. ती कशी तपासता येईल, यावर दहा ओळी लिहा.