फील्ड मार्शल पाउलस

या स्मरणिकेतून थोर पुरुषांची चरित्रे सादर करण्याची आपली प्रथा आहे. आज ज्याची हकिगत आम्ही सांगणार आहोत, त्याला थोर म्हणावे की नाही याचा निर्णय आम्हांस अद्यापि करता आलेला नाही. तथापि दुसऱ्या महायुद्धाचे पारडे जेथे फिरले त्या स्टॅलिनग्राड शहरी जर्मन फौजेचा तो सेनापती होता. आणि वर्गात इतिहास शिकविताना हे प्रकरण आम्हांला कधीही घाईने उरकता आले नाही.

फ्रीडरिश पाउलस याचा जन्म २३ सप्टेंबर १८९० रोजी जर्मनीतील हेसे प्रांतात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. आरमारात त्याला प्रवेश मिळाला नाही. काही काळ कायद्याचा अभ्यास करून १९१० साली तो पायदळात शिरला. दोन वर्षांनी एलेना नामक रुमानियन सरदारकन्येशी त्याचा विवाह झाला. टापटिपीचा, कष्टाळू, नकाशे व आकडेमोड यांत निष्णात असा हा अधिकारी पायरीपायरीने वर चढला. १९४० साली रशियावरील स्वारीचा आराखडा तयार करण्यात त्याचा मोठा हात होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी.

जानेवारी १९४२ मध्ये सहाव्या सैन्याचे आधिपत्य त्याजकडे आले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात हे सैन्य व्होल्गाकाठच्या स्टॅलिनग्राडमध्ये घरोघर झुंजत असता, १९ व २० नोव्हेंबर रोजी रशियनांनी दोन्ही बगलांवरील दुबळ्या रुमानियन फळ्या फोडल्या. चार दिवसांत वेढा पूर्ण झाला. सुमारे अडीच लाख माणसे आत कोंडली गेली. पाउलसने माघारीची परवानगी मागितली. हिटलरने ती नाकारली. विमानांनी रसद पुरविण्याचे आश्वासन गोअरिंगने दिले. रोज निदान ३०० टन सामग्री हवी होती. सरासरीने १०० टनांच्या आसपासच पोहोचली. सैनिकांनी घोडे मारून खाल्ले. डिसेंबरात मॅनस्टाइनची मदत सुमारे पन्नास किलोमीटरवर येऊन अडली. त्या वेळी आज्ञा मोडून बाहेर पडण्याचे धाडस पाउलसने केले नाही. इंधन अपुरे होते हे खरे. पण हुकूमही नव्हता.

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना आज्ञापालन शिकविले, व न पाळणाऱ्यांना छडीही दिली. म्हणून येथे आमची लेखणी अडखळते. ज्या गुणाने तो एवढ्या पदास चढला, त्याच गुणाने त्याचे हात बांधले. जानेवारीत शत्रूने शरणागतीच्या अटी पाठविल्या, त्या त्याने फेटाळल्या. पुढे सर्व आशा संपल्यावर शरण जाण्याची अनुज्ञा मागितली, तीही मिळाली नाही. ३० जानेवारी १९४३ रोजी हिटलरने त्याला फील्ड मार्शल केले. तोवर एकही जर्मन फील्ड मार्शल जिवंत शत्रूच्या हाती लागला नव्हता. तेव्हा या बढतीचा अर्थ पिस्तूल स्वतःवर चालव असाच होता. पाउलसने ते केले नाही. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दुकानाच्या तळघरात तो कैद झाला. त्याने हुकूम मोडला तो हा एवढाच, आणि तोही फार उशिरा. सुमारे ९१,००० सैनिक कैदी झाले. त्यांतले सहा हजारांच्या आसपास घरी परतले.

युद्धाने पुढे त्याच्या घरावरही हात टाकला. १९४४ मध्ये एक पुत्र इटलीत अँझिओ येथे पडला. त्याच वर्षी हिटलरविरुद्ध कट करणाऱ्या अधिकाऱ्यांना फाशी दिल्यावर पाउलसने कैदेतून हिटलरविरोधी आवाहन केले. तेव्हा जर्मनीत त्याच्या कुटुंबीयांना अटक झाली. फेब्रुवारी १९४६ मध्ये न्यूरेंबर्गच्या न्यायासनापुढे त्याने साक्ष दिली की रशियावरील आक्रमण आधीपासून योजिलेले होते. आरोपींच्या वकिलांनी त्याला त्या योजनेतील त्याच्या स्वतःच्या वाट्याबद्दल छेडले. ते रास्तच होते, असे आम्हांस वाटते.

१९५३ साली त्याची सुटका झाली व तो पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेन येथे राहिला. त्याचे अनेक सैनिक तेव्हाही रशियात कैदेत होते. उरलेले शेवटचे कैदी १९५५-५६ मध्ये परत आले. एलेना १९४९ मध्येच बाडेन-बाडेन येथे वारली होती. १९४२ च्या उन्हाळ्यानंतर पतिपत्नींची भेट झाली नव्हती. १ फेब्रुवारी १९५७ रोजी पाउलस निवर्तला. त्याचा देह पश्चिम जर्मनीत नेऊन पत्नीच्या शेजारी पुरण्यात आला.