पत्राची वाट

सातवीच्या स्कॉलरशिपच्या निकालासाठी खोडदच्या रस्त्यावर पोस्टमनच्या सायकलीकडे डोळे लावून बसलेले आपण सगळे आठवतो. त्या आठवणीनेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी लिहावेसे वाटले.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. केळुसकर गुरुजींच्या शब्दावरून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपये दिले, म्हणून कॉलेज झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली: महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये ते एम. ए. झाले, पुढच्या वर्षी लंडनला गेले. तिथे सगळी भिस्त बडोद्याहून येणाऱ्या मुदतवाढीवर. महायुद्ध चालू, टपाल बोटीने. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्यांची पुस्तके नेणारी बोटही टॉर्पेडोने बुडाली.

ते खचले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली.

आपल्यातही काहींचे पत्र आले नाही आणि त्यांची शाळा तिथेच सुटली. मित्रमैत्रिणींनो, या मेळाव्यात शाळेतल्या मुलांसाठी निधी उभारूया. आणि होकार असो की नकार, जूनच्या आधी कळवूया.