कॉलेजांची विद्यापीठं करणारे वसंतराव नाईक

कोल्हापूर : १ जुलै आला की शाळेत, ग्रामपंचायतीत, तालुका कृषी कार्यालयात वसंतराव नाईकांच्या फोटोला हार पडतो. वृक्षारोपण होतं, भाषणं होतात, कृषी दिन संपतो. पण त्यांच्या काळात झालेल्या एका कायद्याचं फळ आपल्या करवीर, कागल, शिरोळच्या रानात आजही उभं आहे, हे फार कुणाच्या ध्यानात नसतं. म्हणून आज थोडं त्याविषयी.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचा. बंजारा समाजाचा तांडा, घरची शेती. आसपासच्या गावांत पायी जाऊन त्यांनी सुरुवातीची शाळा केली. पुढे नागपूरला बी.ए. आणि १९४० ला वकिली. काही दिवस अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम केलं, मग पुसदला स्वतःची वकिली थाटली. पक्षकार बहुतेक शेतकरीच. सावकारी, जमिनीचे तंटे, नापिकी, हे सगळं त्यांनी कोर्टाच्या कागदात वाचलं आणि बांधावरही पाहिलं. १९४६ ला पुसदचे नगराध्यक्ष, १९५२ ला आमदार, पुढे द्विभाषिक मुंबई राज्यात कृषिमंत्री. ५ डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून जास्त काळ त्या खुर्चीवर राहिले.

खुर्ची मिळाली ती धान्यटंचाईच्या काळात. रेशनच्या दुकानापुढं रांगा, परदेशी मिलोवर दिवस काढायचे. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फासावर द्या, अशा अर्थाचं ते १९६५ ला पुण्यात जाहीर सभेत बोलून गेले. मग हायब्रीड ज्वारी गावोगाव आली. भाकरीला चव नाही म्हणून लोकांनी नावं ठेवली, पण कणगी भरली.

नुसतं बियाणं देऊन भागणार नाही, हे मात्र त्यांना उमगलं होतं. त्या वेळी शेतीची कॉलेजं सरकारी होती. पुण्याचं जुनं, धुळ्याचं १९६० चं, आपलं कोल्हापूरचं १९६३ चं. शिकवायचं कॉलेजनं, पदवी द्यायची दुसऱ्याच विद्यापीठानं, संशोधन खात्याच्या केंद्रावर आणि शेतकऱ्याला सांगायचं आणखी तिसऱ्यानं. उसावर रोग पडला तर ती गोष्ट वर्गातल्या प्राध्यापकापर्यंत पोचायची वाटच नव्हती. प्राध्यापकाची बदलीही खात्याच्या हातात.

देशात १९६० ला पंतनगरला पहिलं कृषी विद्यापीठ निघालं होतं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छपराखाली, ही त्याची रीत. तीच धरून महाराष्ट्रानं १९६७ ला कायदा केला आणि २९ मार्च १९६८ ला महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झालं. मुख्यालय राहुरीला.

इथंच वसंतरावांची कसोटी लागली. ते स्वतः विदर्भाचे, आणि विद्यापीठ अकोल्याला व्हावं म्हणून १९६७ ला विदर्भच पेटला होता. गोळीबार झाला, माणसं गेली. आपल्याच भागातल्या लोकांचा रोष त्यांनी अंगावर घेतला. शेवटी एकाच विद्यापीठाचा हट्ट सुटला. २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्याला पंजाबरावांच्या नावानं दुसरं विद्यापीठ उभं राहिलं. ज्यांच्या हाताखाली वकिलीचे पहिले धडे गिरवले, त्यांचंच नाव. त्याच सुमारास पश्चिम महाराष्ट्रातली सरकारी कॉलेजं राहुरीच्या ताब्यात गेली, त्यात आपलं कोल्हापूरचंही होतं.

परभणीचं कॉलेज १९५६ चं, दापोलीचं १९६५ चं. १८ मे १९७२ ला दोन्हीकडं विद्यापीठं झाली, एक मराठवाड्यासाठी, एक कोकणासाठी. म्हणजे पाच वर्षांच्या आत राज्यात चार. कोकणच्या भाताला आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू रानाला एकच औषध चालत नाही, हे त्यामागचं साधं गणित.

नुसती पाटी बदलून विद्यापीठ होत नाही. कायद्यानं जमीन, संशोधन केंद्रं, माणसं आणि निधी एका संस्थेच्या हाती आले, म्हणून ते झालं. आपल्याकडं शेतकरी ८६०३२ म्हणतो, २६५ म्हणतो. पहिला ऊस कोइमतूरचा, पण पाडेगावच्या केंद्रावर पारखून आपल्याला मिळाला, दुसरा पाडेगावचाच. ते केंद्र १९३२ चं, नंतर राहुरीच्या विद्यापीठाखाली आलेलं. कोल्हापूरचं ऊस आणि गुळाचं संशोधन केंद्रही त्याच विद्यापीठाचं.

फेब्रुवारी १९७५ ला वसंतराव पायउतार झाले. त्याआधी १९७२ चा दुष्काळ त्यांनी रोजगार हमीच्या कामांवर पेलला होता. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला त्यांचं निधन झालं. २०१३ ला, जन्मशताब्दीच्या वर्षी, परभणीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं.

आज त्याच विद्यापीठांत रिकाम्या जागांची ओरड आहे. बांधावर शास्त्रज्ञ क्वचित दिसतो, दुकानदार सांगेल ते औषध फवारलं जातं. शिकवणारा, शोधणारा आणि सांगणारा यांची पुन्हा फारकत झाली, तर तो कायदा कागदावरच राहील. १ जुलैला फोटोला हार घालताना एवढं आठवलं तरी पुष्कळ.