पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई सरस्वती (२३ एप्रिल, १८५८ – ५ एप्रिल, १९२२) या संस्कृत विदुषी, समाजसुधारक, स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या आणि मराठी व इंग्रजी लेखिका होत्या. शारदा सदन आणि केडगाव येथील मुक्ती सदन या संस्थांच्या संस्थापक म्हणून त्या ओळखल्या जातात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे पावणेतीन वर्षे राहून त्या देशाची राज्यव्यवस्था, शिक्षण आणि समाजजीवन यांचे त्यांनी मराठीत केलेले वर्णनही महत्त्वाचे मानले जाते. ब्रिटिश साम्राज्याची प्रजा असलेल्या एका भारतीय विधवेने जगातील दोन बलाढ्य देश जवळून पाहिले आणि त्यांच्या सत्तेविषयी स्वतंत्र मत बनवले, हे त्यांच्या चरित्राचे एक वैशिष्ट्य आहे.

बालपण आणि शिक्षण

रमाबाईंचा जन्म सह्याद्रीतील गंगामूळ (सध्याच्या कर्नाटकात) येथील अरण्यातील आश्रमात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि संस्कृत पंडित होते. स्त्रियांना संस्कृत शिकवण्यास त्या काळी समाजाचा विरोध होता. तो न जुमानता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंकडून भागवत पाठ करून घेतले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थयात्रा करीत असे. दुष्काळाच्या काळात १८७४ मध्ये वडिलांचे आणि त्यानंतर थोड्याच अवधीत आई व थोरल्या बहिणीचे निधन झाले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास यांनी पुढे देशभर पायी भटकंती केली.

१८७८ मध्ये ही भावंडे कोलकात्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंच्या संस्कृत ज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह आंतरजातीय आणि आंतरप्रांतीय होता. १८८१ मध्ये त्यांची कन्या मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी यांचे पटकीने निधन झाले आणि वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वीच रमाबाई विधवा झाल्या.

पुण्यातील कार्य

१८८२ मध्ये रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी त्यांचा स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगासमोर साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर यांची गरज प्रतिपादन केली. राज्यकर्त्यांपुढे स्त्रियांची बाजू मांडण्याचा हा त्यांचा पहिला मोठा प्रसंग होता.

इंग्लंडमधील वास्तव्य

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. या प्रवासाची हकीकत सांगणारे त्यांचे पत्र इंग्लंडचा प्रवास या नावाने मराठीत प्रसिद्ध झाले. कानांनी कमी ऐकू येत असल्याने वैद्यकीय शिक्षणाचा विचार त्यांना सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. २९ सप्टेंबर, १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनम येथील महिला महाविद्यालयात त्यांनी अध्ययन आणि संस्कृतचे अध्यापन केले.

धर्मांतरामुळे महाराष्ट्रात त्यांच्यावर कडाडून टीका झाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार या नियतकालिकातून त्यांची बाजू घेतली. दुसरीकडे इंग्लंडमध्येही रमाबाईंचे चर्चमधील वरिष्ठांशी मतभेद झाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा सल्ला भारतातील इंग्रज बिशपांनी दिला. रमाबाईंना तो मान्य नव्हता. स्वदेशात पुरुषांच्या सभांत शास्त्रार्थ केलेल्या विदुषीला साम्राज्याच्या केंद्रात हे बंधन घातले जात होते. एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारून दुसऱ्याचे स्वीकारायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. शासक देशातील व्यक्तींचा स्नेह आणि त्या देशातील संस्थांचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा अनुभव त्यांना येथे आला.

अमेरिकेतील वास्तव्य (१८८६–१८८८)

फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांच्या निमंत्रणावरून रमाबाई १८८६ च्या आरंभी अमेरिकेस गेल्या. त्यांच्या दूरच्या नातलग आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च, १८८६ रोजी वैद्यकीय पदवी मिळाली, त्या समारंभास त्या उपस्थित होत्या. अल्पकाळासाठी आखलेला हा मुक्काम १८८८ च्या अखेरीपर्यंत लांबला. या काळात त्यांनी बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला, ठिकठिकाणी व्याख्याने दिली आणि फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या महिला मद्यपानविरोधी चळवळीचे कार्य जवळून पाहिले.

१८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. भारतात उच्चवर्णीय विधवांसाठी काढावयाच्या शाळेला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे या संस्थेने मान्य केले. शाळेत धार्मिक सक्ती नसावी, हे तत्त्व आरंभीच ठरले होते.

युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त

मायदेशी परतल्यावर १८८९ मध्ये रमाबाईंनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्या काळातील मराठी वाचकाला पाश्चात्त्य जगाची ओळख मुख्यतः इंग्लंडमार्फत होत होती. प्रगत राष्ट्र म्हणजे इंग्लंड आणि राज्य म्हणजे राणीचे राज्य, अशी सर्वसाधारण समजूत होती. एकेकाळी ब्रिटनच्याच वसाहती असलेला एक देश राजाशिवाय, निवडून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत कारभार चालवतो आणि समृद्धही होतो, ही माहिती अशा वाचकाच्या दृष्टीने केवळ भौगोलिक नव्हती.

ग्रंथाच्या नावात प्रवासवृत्ताआधी लोकस्थितीचा उल्लेख येतो. त्याप्रमाणे प्रवासातील प्रसंगांपेक्षा राज्यपद्धती, गृहस्थिती, शिक्षण, धर्मपंथ व परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती आणि उद्योग-व्यापार या विषयांना त्यात अधिक स्थान आहे. लोकांनी स्वेच्छेने उभारलेल्या संस्था, मुलींसाठी खुली झालेली महाविद्यालये आणि स्त्रियांनी स्वतः चालवलेली संघटित कामे यांचे रमाबाईंनी विशेष कौतुक केले. अमेरिकेचे सामर्थ्य त्यांना सरकारपेक्षा लोकांच्या या संघटनशक्तीत दिसले.

मात्र हा ग्रंथ केवळ स्तुतिपर नाही. मूळ रहिवाशांच्या भूमीचे अपहरण आणि त्यांच्यावर झालेले अत्याचार यांचा रमाबाईंनी निषेध केला. आफ्रिकी वंशाच्या लोकांची गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली असली तरी वर्णद्वेष टिकून आहे, हेही त्यांनी दाखवले. स्त्रियांच्या राजकीय हक्कांबाबत त्यांनी हीच कसोटी लावली. २८ ऑक्टोबर, १८८६ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात स्त्रीरूपातील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा रमाबाई त्याच देशात होत्या. त्या वेळी वायोमिंगसारखे मोजके प्रदेश वगळता अमेरिकेतील स्त्रियांना पूर्ण मताधिकार नव्हता. स्वातंत्र्य आणि समतेची घोषणा करणारे राष्ट्र आपल्या निम्म्या प्रजेला राज्यकारभारापासून दूर ठेवते, ही विसंगती त्यांच्या स्त्रीविषयक विवेचनात ठळकपणे येते.

एखाद्या राष्ट्राचे मोठेपण तेथील दुर्बलांच्या स्थितीवरून ठरवावे, हा या ग्रंथाचा अंतःप्रवाह आहे. हिंदू समाजाची चिकित्सा करताना विधवांच्या स्थितीवरून त्यांनी जो निष्कर्ष काढला होता, त्याच रीतीने त्यांनी अमेरिकेचीही पारख केली.

शारदा सदन आणि वाद

११ मार्च, १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला व त्या आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. १८८९ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनातील स्त्री-प्रतिनिधींमध्ये रमाबाईंचा समावेश होता.

सदनातील काही मुलींचा ख्रिस्ती धर्माकडे ओढा निर्माण झाल्याने १८९३ मध्ये मोठा वाद झाला. केसरीने सदनावर टीका केली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

अमेरिकेतही रमाबाईंच्या नावावरून वाद उद्भवला. त्यांच्या कार्याला मदत करणारी रमाबाई मंडळे तेथे अनेक ठिकाणी होती. स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेतील व्याख्यानांत हिंदू विधवांच्या स्थितीविषयी जी मांडणी केली, तिला १८९५ मध्ये ब्रुकलिन येथील मंडळाच्या सभासदांनी जाहीर आक्षेप घेतला. रमाबाईंच्या इंग्रजी ग्रंथातून अमेरिकी वाचकांपुढे भारताचे जे चित्र उभे राहिले, ते एकांगी असल्याची टीका भारतात होत असे. सुधारणेसाठी स्वसमाजाचे दोष परक्यांपुढे मांडावे लागणे आणि त्यामुळेच स्वसमाजात परके ठरणे, ही अडचण त्यांना आयुष्यभर सोसावी लागली.

दुष्काळ, प्लेग आणि मुक्ती सदन

१८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांना आश्रय दिला. यातून मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणण्यात आल्या. शेती, विणकाम, छपाई, शिवण इत्यादी कामे शिकवून त्यांना स्वावलंबी करण्यावर भर होता.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला असता सरकारी उपाययोजनांत स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहून अधिकाऱ्यांवर उघड टीका केली. राज्यकर्त्यांचा आणि त्यांचा धर्म आता एकच होता, तरी त्यामुळे त्यांच्या टीकेची धार कमी झाली नाही. १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या. आरंभीच्या कराराची दहा वर्षे पूर्ण झाल्याने तेथील साहाय्यक संस्थेची या वेळी पुनर्रचना करण्यात आली.

अखेरची वर्षे

उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. सामान्य स्त्रियांना वाचता यावे हा त्यामागील हेतू होता. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाले. ५ एप्रिल, १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे बायबलचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वारसा

केडगाव येथील संस्थेचे कार्य पुढेही सुरू राहिले. १९८९ मध्ये भारतीय टपाल खात्याने रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त या ग्रंथाची नवी आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. २००३ मध्ये मीरा कोसंबी यांचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध झाल्यानंतर हा ग्रंथ अमेरिकेविषयीच्या परदेशी लेखनाच्या अभ्यासातही विचारात घेतला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचे परीक्षण करणारे बहुतेक प्रसिद्ध लेखक युरोपीय होते. पारतंत्र्यातील देशातून आलेल्या स्त्रीने, स्वभाषेतील वाचकांसाठी केलेले परीक्षण म्हणून रमाबाईंच्या ग्रंथाचे स्थान त्यांत वेगळे आहे.